घागर, आजी आणि तीन पर्याय

[दृश्य : पहाटेचं गाव. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोडी, भांडी, कोयते.]

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, जाते. पुष्कळ घरांत मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. समजा, यावर व्हिडिओ गेम करायचा आहे. खेळणारा ज्या पात्राला चालवतो ती तेरा वर्षांची सोनी. घरात फक्त आजी.

विषय दमदार आहे. तरी हा गेम पहिल्या दहा मिनिटांत मरू शकतो. कसा, ते बघा.

[पडद्यावर संवादाची चौकट]

आजी : "सोनी, तुला माहीतच आहे की तुझे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि गावात पाण्याची टंचाई आहे."

कोणती आजी असं बोलते? सोनीला हे ठाऊक आहे, आजीलाही ठाऊक आहे. वाक्य खेळणाऱ्याला माहिती पुरवायला लिहिलंय, आणि ते त्याला लगेच कळतं. आता दुसरं :

आजी : "टँकर आला बग. डोक्यावर दोन आण, कमरंवर तिसरी नको. मागल्या बारीला कंबर धरून बसलीस."

टंचाई आली, सोनीचं वय आलं, आजीचा जीव आला. शिवाय खेळणाऱ्याच्या हाताला काम मिळालं. दोन घागरी की तीन? तिसरी घेतली तर सोनीची चाल मंदावते, पाणी हिंदकळतं. घरी आल्यावर आजी घागरी मोजते, काही बोलत नाही, तेलाची वाटी घेऊन सोनीच्या पायाशी बसते. या जागी एकही शब्द लिहू नये. पात्र इथंच उभं राहतं.

2013 मध्ये आलेल्या 'द लास्ट ऑफ अस' या गेमची सुरुवात बघा. आपण आधी नायकाला, जोएलला चालवत नाही, त्याच्या मुलीला, साराला चालवतो. रिकाम्या घरात बापाला शोधतो. मग ती जखमी होते, आपण जोएल होतो आणि तिला उचलून पळतो. ती जाते तेव्हा ती आपल्याच हातातून गेलेली असते. पुढं एली या मुलीबरोबरचा त्याचा सगळा प्रवास त्या सुरुवातीवर उभा आहे.

याच्या उलटंही होतं. क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरनं 2007 मध्ये 'बायोशॉक' या गेमबद्दल लिहिताना त्यावर बोट ठेवलं : कथा एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो. आजी तापानं फणफणली, लवकर औषध आण, असं कथा म्हणते. पण सोनी तीन दिवस गावात हिंडली तरी आजीचा ताप तेवढाच. त्या क्षणी आजी बाहुली होते. एक तर ताप खरोखर वाढला पाहिजे, नाही तर घाईची भाषा काढली पाहिजे.

[दृश्य : ऊसफड. मुकादम फोनवर.]

मुकादम नुसता दुष्ट लिहिला की कथा सपाट झालीच. त्यानंही वरून उचल घेतलेली असते. टोळी पळाली तर पैसा त्याच्या अंगावर येतो. ही भीती त्याच्या बोलण्यात उतरवायला मराठीत एक हत्यार आयतं आहे. उचल द्यायच्या दिवशी तो म्हणतो, "या दाजी, बसा." फडावर, पहाटे चारला : "ए, ऊठ." 'तुम्ही'चं 'ए' झालं, एवढं पुरतं.

बोलीचंही तसंच. "काय करायलीस?" आणि "काय करूलालीस?" या दोन्ही मराठवाड्याच्याच, पण एका आजीच्या तोंडी दोन्ही आल्या की कान खटकतो. गाव ठरवा आणि तिथल्याच माणसाकडून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घ्या.

मुलगा की मुलगी हे खेळणाऱ्यानं निवडायचं असेल तर मराठीत खर्च वाढतो. "तू आलास", "तू आलीस" : रेकॉर्डिंग दोनदा. पण "तू पाणी आणलंस" दोघांनाही चालतं, कारण क्रियापद पाण्यामागं जातं. "आणशील"ही चालतं. अशा रचना वापरून बऱ्याच ओळी वाचवता येतात. आमचं मत मात्र सोनी ही सोनीच राहावी, असं आहे.

तांत्रिक घोळ इथंच सांगून टाकू. गेम बनवायच्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर दाखवणारं टेक्स्टमेश प्रो असतं; त्यात देवनागरी जोडाक्षरं आपोआप जुळत नाहीत, 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या डावीकडं न दिसता उजवीकडं जाऊन पडते. गोडो 4 या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ असल्यानं अक्षरं नीट बसतात. ओळ टाइप होत असल्यासारखी दाखवायची असेल तर युनिकोडचा, म्हणजे संगणकातल्या अक्षरसंकेताचा, एकेक तुकडा सोडू नका, पूर्ण अक्षर सोडा. नाही तर आजीच्या वाक्यात आधी हलन्त 'स' दिसतो, मग तो 'स्त' होतो, आणि भावना गेली.

आता पर्याय. प्रत्येक वळणावर 2 वाटा आणि अशी 10 वळणं म्हणजे 1024 शेवट. कुणीच एवढं लिहीत नाही. वाटा फुटतात आणि पुन्हा एकीला मिळतात. मागं उरते ती खेळणाऱ्यानं काय निवडलं याची गेमनं ठेवलेली नोंद. 2012 च्या 'द वॉकिंग डेड' या गेममध्ये बहुतेक वाटा अशाच एकत्र येतात, पण क्लेमेंटाईन हे लक्षात ठेवेल, अशी ओळ दिसली की आपण लहान मुलीसमोर जपून बोलू लागतो. त्याच वर्षी 'मास इफेक्ट 3' या गेमचा शेवट लोकांच्या जिव्हारी लागला, कारण तीन गेमभर घेतलेले निर्णय अखेरच्या काही मिनिटांत जवळपास निरुपयोगी वाटले. जूनमध्ये कंपनीनं वाढवलेला शेवट मोफत दिला.

[दृश्य : चुलीपुढं सोनी. फोन वाजतो.]

आजी न्हाणीत पडलीय. फडावरून आईचा फोन : "समदं बरं हाय न्हवं?" पर्याय तीन. "बरं हाय." "आजी पडली." आणि गप्प राहणं. वेळ 6 सेकंद. वेळ संपली तर तेही गप्प राहणंच. कोणताही पर्याय घेतला तरी आई लगेच येऊ शकत नाही, उचल फिटलेली नाही. दुसऱ्या दिवशी टँकर येतो, घागरी त्याच. फक्त नोंद राहते.

एप्रिलात ट्रॉली परत येते. आई उंबऱ्यात थांबते. तिच्या पहिल्या ओळीच्या तीनच आवृत्त्या लिहायच्या. पुढचा सगळा प्रसंग सामाईक. सोनी खोटं बोलली असेल तर आई भिंतीकडं बघते आणि विचारते, "ही काठी कवापासून?"