भरल्या ट्रॉल्या आणि तापणारं इंजिन

मंडळी, गळीत हंगाम तोंडावर आलाय, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला. दोन ट्रॉल्या ऊस जोडून निघालेला ट्रॅक्टर चढाला तापला, की पहिला शब्द निघतो, "लोड जास्त झाला." लोड जास्त असतोच, मला मान्य आहे. पण तेवढाच ऊस, त्याच रस्त्यानं दुसरा तसलाच ट्रॅक्टर न तापता नेत असेल, तर दोष तुमच्या ट्रॅक्टरमध्ये आधीपासून आहे. रिकाम्या खेपेला तो कळत नाही एवढंच. डिझेल जळून निघालेल्या उष्णतेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. ओढ वाढली की डिझेल जास्त जळतं, उष्णताही वाढते, आणि अर्धवट बुजलेला रेडिएटर तिथं उघडा पडतो.

म्हणून पान्ह्याला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला विचारा, "कधी तापतो?" कारखान्याच्या रांगेत नुसता चालू ठेवला तरी तापत असेल, तर फॅन, बेल्ट आणि पाण्याची पातळी आधी बघा. फक्त भरल्या ट्रॉलीला तापत असेल, तर रेडिएटरकडं वळा.

आपल्या भागात रेडिएटरचा खरा शत्रू पाचट आहे. फडात फिरताना वाळल्या पाचटाचा चुरा आणि धूळ पुढच्या जाळीतून आत जाते, रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये बसते, वर तेलाचा ओशटपणा असला की चिकटूनच राहते. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतं. पाठीमागून बॅटरी मारा आणि पुढून बघा, किती उजेड येतो ते. धुताना पाणी फॅनच्या बाजूनं पुढं मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर पडेल. प्रेशर वॉशर जवळ धरू नका, पाती आडवी होतात आणि मग हवाच जात नाही.

आतली बाजूही बघायला हवी. वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी ओतलं की नळ्यांमध्ये खपली धरते. इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवा; मधेच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

आता गिअरचं बोलतो, कारण इथं तरुण ड्रायव्हर मंडळी बरीच आहेत. चढाला वरच्या गिअरमध्ये धुपत, काळा धूर सोडत ओढू नका. बहुतेक ट्रॅक्टरचा फॅन आणि पाण्याचा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिनचे फेरे पडले की दोन्ही मंदावतात, आणि नेमकं तेव्हाच डिझेल सगळ्यात जास्त जात असतं. चढ लागायच्या आधीच एक गिअर खाली घ्या. वेळ थोडा जास्त लागेल, लागू दे.

ट्रॉलीही तपासा. खेप झाल्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एकच हब भाजत असेल, तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, आणि त्याची ओढ इंजिनवर येते.

रेडिएटरचं झाकण स्वस्त म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही. झाकणानं एक बार दाब धरला, तर साधं पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळतं. रबर कडक झालं की हा फायदा गेला. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, जुना असेल तर जास्त फेऱ्यांवर तो आत ओढला जाऊन चपटा होतो. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर देऊन, बेल्टपासून लांब राहून बघा. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडं सोडणारी झडप, काढून फेकायची जी सवय लागलीय ती मला अजिबात पटत नाही. काही इंजिनांत त्यानं पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं, आणि तापणं उलट वाढतं.

हे सगळं ठीक असून तापत असेल, तर सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा तेलाच्या पट्टीला दुधट फेस दिसला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेल्याची शंका घ्या आणि ट्रॉली जोडू नका.

वाटेत तापमानाचा काटा चढलाच, तर गाडी बाजूला घ्या. पाणी शाबूत असेल तर लगेच बंद करू नका. न्यूट्रलला थोडे फेरे वाढवून काही मिनिटं चालू द्या. पण वाफ येत असेल, पाणी गेलं असेल, तर तत्काळ बंद. अशा वेळी काटा अचानक खाली आला तरी फसू नका. सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नसतं. झाकणाला हात लावायचा तो पूर्ण निवल्यावरच, आणि तापल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नका, हेडला चीर जाते.