वरचा एक रुपया

सकाळचे सहा. जांभळी नाक्यावर फुलांच्या टोपल्या उतरताहेत. जवळच कौपिनेश्वर, १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केलेलं ठाण्याचं ग्रामदैवत. आपण मात्र गल्लीतल्या एका छोट्या देवळात शिरू.

लोखंडी दानपेटी, तिला कुलूप. शेजारी क्यूआर कोडची पाटी. घंटा वाजते आणि तिच्यामागोमाग साउंडबॉक्स बोलतो, "एकवीस रुपये प्राप्त झाले."

आहेराच्या पाकिटावर वरचा एक रुपया चिकटवलेलाच मिळतो. देवळात तो खिशात चाचपावा लागायचा, नाहीतर फुलवाल्या मावशींकडून सुटे घ्यायचे. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटबंदी झाली, आणि हळूहळू हा रुपया बोटाच्या टोकावर आला. हिशेबही सोपा झाला. मोठी देणगी देणारे तर स्वतःहून बँकेतूनच देतात, कारण प्राप्तिकरात सवलत मिळणाऱ्या संस्थांच्या बाबतीतही २०१७ पासून दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

ठाण्यातच मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावायचा नाही, हा ज्यूंचा धर्मनियम. फोनही त्यातच आला. दान करायचं ते इतर दिवशी.

पुन्हा आपल्या देवळात. आज पेटी उघडायची आहे. सतरंजीवर विश्वस्त बसलेत. नाणी एकीकडे, नोटा एकीकडे. काही नोटांना हळदकुंकू लागलंय. एक दहाची नोट इतकी बारीक घडी घातलेली, की नखाने जपून उलगडावी लागते. कुणी टाकली असेल? पेटीला ठाऊक नाही. फोनवरून दिलं की देणाऱ्याचं नाव खात्यावर उमटतं. या घडीला नाव नाही. आपल्याकडे याला गुप्तदान म्हणतात. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लावणाऱ्या कायद्यानेही निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून वगळलंय.

म्हणून मनापासून वाटतं, पाटी खुशाल राहू दे, पण साउंडबॉक्सचा आवाज बंद करा. एकशे एक देणाऱ्याला तो गोड लागत असेल. पाच रुपये देणाऱ्याने ते रांगेतल्या सगळ्यांसमोर का ऐकावेत?

कामाला निघालेल्या एक ताई थांबतात. डबा डाव्या हातात. उजवी मूठ पेटीच्या फटीवर क्षणभर टेकते, उघडते. आवाज होत नाही. नोट असावी.