सवापाचची बस आणि विषय क्रमांक 39

(बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी फलकावर विषय लिहिला आहे, 'विद्यापीठांची नियामक मंडळे आणि शैक्षणिक गुणवत्ता'. नियामक मंडळ म्हणजे विद्यापीठाच्या कारभारावर देखरेख ठेवणारं मंडळ. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. मंडळापुढे येणारा जवळजवळ प्रत्येक कागद, ज्यांच्या कामावर मंडळाने लक्ष ठेवायचं, त्यांनीच तयार केलेला असतो. वर्गात बसणाऱ्या मुलाचा दिवस त्या टेबलापर्यंत पोचतच नाही. तो कसा पोचवायचा, हे सांगायला मी आलो आहे.

सिनेट म्हणजे विद्यापीठाची मोठी प्रातिनिधिक सभा, सिंडिकेट म्हणजे कारभार चालवणारं छोटं मंडळ, हे बडोदेकरांना समजावत बसत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रजिस्टर्ड ग्रॅज्युएट, म्हणजे नोंदणी केलेले पदवीधर म्हणून सिनेटसाठी मतदान केलं आहे. 2023 च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट दोन्ही गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. त्यावर या गावात पुष्कळ वाद झाला. त्यात मी आज शिरत नाही. मंडळ निवडून आलेलं असो की नेमलेलं, त्याच्यापुढे जो कागद ठेवला जातो तो बदलल्याशिवाय फार काही बदलत नाही, असं माझं मत झालं आहे.

आणि कागद वाचणाऱ्या माणसाचं नाव या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. 1949 साली आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला होता. त्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. हंसाबेननी ते बदलायला लावले आणि 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करून घेतलं. साऱ्या जगाच्या मसुद्यातला एक शब्द त्यांना खटकला आणि तिथेच त्या थांबल्या. नियामक मंडळाच्या सदस्याकडून मला एवढंच हवं आहे. खटकलं की थांबावं.

आता माझी गोष्ट सांगतो. एका विद्यापीठाच्या मंडळावर मी तीन वर्षं शिक्षक-सदस्य होतो. नाव घेत नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस. आमच्या एस.वाय.च्या एका बॅचचं प्रॅक्टिकल साडेतीन ते साडेपाच असे. त्या बॅचमध्ये तालुक्याच्या गावाहून येणारी एक मुलगी होती. तिच्या जर्नलमध्ये टायट्रेशनची नेहमी दोनच रीडिंगं. तुमच्यात विज्ञानवाले असतील त्यांना माहीत आहे, ब्युरेटची, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडणाऱ्या काचेच्या नळीची रीडिंगं तीन घ्यायची आणि ती जुळली पाहिजेत. हिचं तिसरं कधीच नसायचं. मी वर्षभर लाल पेनाने 'अपूर्ण' लिहीत राहिलो आणि गुण कापत राहिलो. शेवटी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, छेल्ली बस सवा पांचनी छे." शेवटची बस सवापाचची.

डेपोपर्यंत चालत पंचवीस मिनिटं. म्हणजे पावणेपाचला तिला निघावंच लागे. ब्युरेट धुऊन ठेवायची ती साडेचारलाच. पोरीचा हात स्थिर होता, रंग बदलतो तो थेंब ती अचूक पकडायची. कमी होती ती पाऊण तासाची, आणि त्या पाऊण तासासाठी मी तिला कच्ची विद्यार्थिनी ठरवत होतो. हे मला अजून लागतं. चौकशी केली तर त्याच बॅचमध्ये तशी आणखी सात मुलं निघाली.

त्याच महिन्यात मंडळाची बैठक होती. विषयपत्रिकेवर 46 विषय. मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करणे इथपासून ऐनवेळच्या विषयांपर्यंत. प्रवेशद्वाराच्या कमानीवर अक्षरं पितळेची की दगडात कोरलेली, यावर दोन तास गेले. मी खोटं सांगत नाही, दोन तास. कमान प्रत्येकाने पाहिलेली होती, म्हणून प्रत्येकाला मत होतं. प्रयोगशाळेत गेल्या दहा वर्षांत कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. विषय क्रमांक 39 जेवणानंतर आला, 'विज्ञान शाखेचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, नोंद घेणे'. अहवालात लिहिलं होतं, विद्यार्थी समाधानी आहेत. मी उठून विचारलं, "अपूर्ण जर्नलं किती? आणि का?" अध्यक्ष अतिशय सभ्यपणे म्हणाले, "सर, हा विद्या परिषदेचा विषय आहे." विद्या परिषद म्हणजे शिकवण्याचे आणि परीक्षांचे विषय पाहणारी सभा. तिथे गेलो. तिथे सांगितलं, वेळापत्रक हा विभागाचा विषय. विभागप्रमुख म्हणाले, प्रयोगशाळा सहायकांच्या ड्युटीच्या वेळा कार्यालय ठरवतं. कार्यालय म्हणालं, मंडळाच्या ठरावाशिवाय वेळा बदलता येत नाहीत. चार दारं फिरून मी पुन्हा पहिल्या दाराशी.

यात कोणी वाईट नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाने बरोबर होता. मुलगी मात्र साडेचारला ब्युरेट धूत होती.

थोडं मागे जाऊन सांगतो, कारण या आंधळेपणाला इतिहास आहे. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपलं बडोदा कॉलेज 1881 चं, तेही मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं. त्यामुळे वरच्या मंडळांना निकाल पाहायची सवय लागली, शिकणं पाहायची लागली नाही. आता बडोद्याचे सयाजीराव महाराज काय करतात पाहा. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी 1893 मध्ये आधी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत लावून पाहिलं. साऱ्या राज्याला लागू केलं 1906 साली. मधली तेरा वर्षं! सर्वाधिकार हातात असलेला राजा तेरा वर्षं पाहत राहिला, की पोरं शाळेत येतात का, येत नसतील तर का येत नाहीत. फिरत्या वाचनालयांच्या पेट्या खेड्यांत गेल्या, त्यांचं तर एक वेगळं व्याख्यान होईल...

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली. ज्यासाठी बोलावलं ते आता भराभर सांगतो.

मंडळाने अभ्यासक्रम लिहू नये, पेपर तपासू नयेत. ते अभ्यास मंडळाचं आणि विद्या परिषदेचं काम, आणि ती सीमा पाळलीच पाहिजे, नाहीतर उद्या कंत्राटदार सदस्य सेंद्रिय रसायन ठरवेल. पण 'तुम्ही म्हणता ते कशावरून?' हे विचारणं मंडळाचंच काम आहे. इंग्लंडमध्ये 2016 पासून काही काळ तिथल्या निधी परिषदेने, म्हणजे विद्यापीठांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेने, नियामक मंडळांकडून दरवर्षी लेखी हमी मागितली होती, की विद्यार्थ्यांचा शैक्षणिक अनुभव सुधारतो आहे आणि पदवीचा दर्जा टिकून आहे. सही करायची म्हटल्यावर सदस्य प्रश्न विचारू लागतो. ती पद्धत जशीच्या तशी उचला असं मी म्हणत नाही. सही मात्र हवी.

आपल्याकडे नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था, 1994 पासून आहे. तिच्या मूल्यांकनात वर्षानुवर्षं सात निकष होते, प्रशासन त्यातला सहावा. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही होतं. पण सरासरीत आमची आठ मुलं कुठे दिसणार? म्हणून आकड्याशेजारी मोकळ्या उत्तरांतली दहा-वीस जशीच्या तशी, त्याच भाषेत, मंडळापुढे वाचावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांत तक्रार निवारण समिती आहे, लोकपाल आहे, आणि त्या समितीत विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. त्या तक्रारींचा गोषवारा दर बैठकीला मंडळाकडे यावा. त्यात कोणाचं नाव नसावं, पण कारण असावं. नव्या शैक्षणिक धोरणाने पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संस्थांना स्वतंत्र नियामक मंडळं द्यायचं म्हटलं आहे. ती होतील तेव्हा विद्यार्थ्याला निमंत्रितासारखं कोपऱ्यात न बसवता बोलायचा हक्क द्या. शेवटचं, गुणवत्तेचा विषय विषयपत्रिकेत 39 वरून 2 वर आणा, इतिवृत्ताच्या लगेच खाली. सकाळी माणसं जागी असतात.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ऐनवेळच्या विषयात मी बसचं वेळापत्रक फोटोकॉपी काढून सर्वांना वाटलं. एका सदस्याने चष्मा लावून ते नीट वाचलं आणि वेळ बदलण्याच्या ठरावाचे सूचक व्हायला तयार झाले. पुढच्या जूनपासून त्या बॅचचं प्रॅक्टिकल सकाळी अकराला गेलं. ती मुलगी तोवर टी.वाय.ला गेली होती. एस.वाय.चे कापलेले गुण तिच्या गुणपत्रिकेवर आहेत तसेच राहिले.

प्रश्नांना पाच मिनिटं आहेत. मागच्या रांगेत विद्यापीठाच्या फॅकल्टीत शिकणारी मुलं बसलेली दिसतात, आधी त्यांनी विचारावं.