आठवड्याला एक गाणं

शुक्रवारी रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. खाली एकच ओळ असते, "दोन मिनिटं चौदा सेकंदांवर जे व्हायोलिन येतं ना, तेवढं तरी ऐकाच."

बास, एवढंच. दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक गाणं नाहीतर एक म्युझिक व्हिडिओ टाकायचा आणि बाकीच्यांनी तो पुढच्या शुक्रवारपर्यंत ऐकायचा. असे ग्रुप जगभर आहेत, मित्रांचे, भावंडांचे, ऑफिसातल्या लोकांचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की त्यात काय एवढं, सगळी गाणी तर सगळ्यांच्या फोनमध्ये आहेतच की. आणि आम्हाला नेमकं तेच बघायचंय, की एवढी गाणी हाताशी असतानासुद्धा माणसाला दुसऱ्या माणसाने दिलेलं गाणं का लागतं.

आठवड्याचा हा ठेका आजचा नाहीये. १९५२ साली आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली होती, तेव्हा लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सयानींच्या आवाजात. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप जायची कोलंबोला आणि तिथून बुधवारी संध्याकाळी ती गाणी परत आपल्याकडे ऐकू यायची, म्हणजे गाणं समुद्र ओलांडून जायचं आणि यायचं. लोक हजारोंनी पत्रं पाठवायचे, गावोगावी श्रोता संघ निघाले होते, त्यांची पसंती आणि रेकॉर्डची विक्री यावरून ठरायचं की या आठवड्यात कुठलं गाणं कुठल्या पायदानवर. आपलं आवडतं गाणं एक पायदान वर चढलं की दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायला माणसं भेटायची. मला त्या सगळ्यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, की एकाच वेळी एवढ्या लोकांनी तेच ऐकलेलं असायचं.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली आणि त्यानंतर गाणं भेट द्यायची सोय माणसाच्या स्वतःच्या हातात आली. इथे स्क्रीनवर जवळून बघा. सुरुवातीची ही जी पारदर्शक फीत आहे तिच्यावर काहीच रेकॉर्ड होत नाही, ती बोटाने नाहीतर पेन्सिलने पुढे सरकवून घ्यायची, रेकॉर्ड आणि प्ले एकदम दाबायचं, पॉझवर बोट ठेवून गाण्याचा पहिला सूर पकडायचा. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यामुळे शेवटी चार मिनिटं उरली असतील आणि गाणं पाच मिनिटांचं असेल तर दुसरं शोधायचं, आणि ते दुसरं आधीच्या गाण्यानंतर शोभलं पण पाहिजे. सगळं झालं की मागच्या कडेच्या या दोन चिमुकल्या पट्ट्या तोडून टाकायच्या, म्हणजे चुकून कोणी वर काही भरणार नाही. ज्याच्यासाठी भरली त्याला आत किती वेळ गेलाय ते कळायचं, सांगावं लागायचं नाही.

व्हिडिओची गोष्ट तर मुळात पाठवण्यातूनच आलीय. प्रत्येक देशाच्या प्रत्येक टीव्ही स्टुडिओत जाऊन गाणं बीटल्सला शक्यच नव्हतं, म्हणून १९६६ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या गाण्यांच्या छोट्या फिल्म करून पाठवायला सुरुवात केली, आम्ही येत नाही, ही रीळ लावा. पुढे १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं आणि तेच दिवसभर चालू झालं. आणि २००५ मध्ये यूट्यूब आलं तेव्हा तो व्हिडिओ चॅनेलच्या हातातून निघून तुमच्या-माझ्या हातात आला, कधी लावायचा, कोणाला दाखवायचा हे आता आपण ठरवणार.

त्या व्हायोलिनकडे परत येऊ. लिंकच्या शेवटी वेळ जोडता येते, दोन मिनिटं चौदा सेकंद म्हणजे १३४ सेकंद, तो आकडा जोडला की व्हिडिओ थेट तिथूनच सुरू होतो. दिसायला छोटीशी सोय आहे पण तिच्यात केवढं काय आहे बघा, कोणीतरी एक गाणं इतक्या वेळा ऐकलंय की त्याला त्याची जागा सेकंदासकट पाठ झालीय आणि त्याला वाटतंय की तुम्ही पण तिथे उभं राहून ऐकावं.

हे मशीन करू शकत नाही असं म्हणणार नाही, मशीन बरंच काही करतं. जुलै २०१५ मध्ये स्पॉटिफायने दर सोमवारी तीस गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली, प्रत्येकाला वेगळी. तुमच्यासारखी आवड असलेल्या लोकांनी कुठली गाणी एकत्र ठेवलीत ते बघून ती यादी बनते आणि खरंच चांगली गाणी सापडतात त्यात. पण ती यादी तुमच्याच ऐकण्यावरून निघालेली असते, आणि ती आवडली नाही तर कोणाला वाईट वाटत नाही, आवडली तर कोणाला फोन करता येत नाही. ग्रुपवर मात्र ठुमरीवाल्याला मेटलवाला गाणं पाठवतो. ठुमरीवाला नाव बघूनच पुढे गेला असता, पण पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून तो पूर्ण ऐकतो, आणि मग म्हणतो की गाणं राहू दे, तो ड्रमवाला लयीशी काय खेळतोय रे! असं ऐकणं कुठल्याही यादीतून आलं नसतं.

ज्यांचे ग्रुप टिकलेत ते लोक काही गोष्टी सांभाळतात असं दिसतं. एका वेळी एकच गाणं, कारण दहा लिंक एकदम आल्या की एकही उघडली जात नाही. का आवडलं त्याची एक ओळ पाहिजेच, नुसती लिंक नको. आणि लिंकसोबत गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, साल लिहायचं, गीतकाराचं तर आवर्जून, त्याचं नाव ॲपवर बऱ्याचदा शोधावं लागतं. हे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, लिंक मरतात. जुनी यादी उघडावी तर मध्येच काळा चौकोन, "व्हिडिओ उपलब्ध नाही", आणि नाव कोणी लिहिलेलं नसेल तर ते गाणं त्या ग्रुपपुरतं गेलंच. नाव असलं की दुसरीकडे सापडतं.

पहिल्यांदा व्हिडिओ बघा, दुसऱ्यांदा स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐका, चित्रामुळे कानातून निसटलेलं बरंच काही तेव्हा सापडतं. आणि मग उत्तर द्या. न ऐकता टाकलेला बदाम पाठवणाऱ्याला लगेच कळतो. आवडलं नसेल तर तेही सांगा, कुठे सोडलं ते सांगा, "दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकलो, मग कोरस फार झाला" एवढं लिहिलं तरी समोरच्याला पुढच्या शुक्रवारी काय टाकायचं ते सुचायला लागतं.