गाव बदलतं, कथा तीच

श्रोतेहो, नमस्कार.

डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' 2003 मध्ये आली, तेव्हा पुस्तक खाली ठेववत नव्हतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याचा खून होतो आणि मरता मरता तो स्वतःच्या रक्ताने पोटावर पंचकोनी तारा काढतो. अशी सुरुवात झाल्यावर झोप कुणाला येणार?

मग आधीची 'एंजल्स अँड डीमन्स' वाचली आणि भ्रमाचा भोपळा फुटला. सुरुवातीला खून. मग हार्वर्डच्या प्राध्यापक लँग्डनना अवेळी बोलावणं, मनगटावर मिकी माऊसचं घड्याळ. सोबत हुशार, देखणी बाई. इथे मृताची दत्तक मुलगी, तिथे नात. पुढची सगळी पळापळ एका दिवसरात्रीत. रोम, पॅरिस, वॉशिंग्टन, फ्लॉरेन्स, 2025 मध्ये प्राग. गाव तेवढं बदलतं. या दोन्ही पुस्तकांत जो सर्वांत सज्जन वाटतो, तोच खलनायक. (इतक्या वर्षांनी हे फोडायला हरकत नसावी.) त्यामुळे नंतरच्या पुस्तकात कुणी मदतीला धावून आला, की माझा संशय आधी त्याच्यावरच!

साचा बाबूराव अर्नाळकरांचाही होता की. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्याकडे दुसरं काय मागायचं? पण 'काळा पहाड' वाचताना तो इतिहास आहे असं कुणी समजत नव्हतं. ब्राऊन मात्र सुरुवातीलाच 'वस्तुस्थिती' अशा मथळ्याखाली सांगतात, की प्रायरी ऑफ सायन ही गुप्त संघटना 1099 मध्ये स्थापन झाली. प्रत्यक्षात ती पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने 1956 मध्ये फ्रान्समध्ये काढली. प्राचीन परंपरा त्याने मागाहून चिकटवली.

तेही चालवून घेतलं असतं. राग येतो तो ताटकळत ठेवण्याचा. लँग्डनला काहीतरी दिसतं, तो थिजतो आणि प्रकरण संपतं. काय दिसलं ते त्याला ठाऊक, लेखकाला ठाऊक. आपण पानं उलटायची. 2017 च्या 'ओरिजिन'मध्ये तर कमाल आहे. माणूस कुठून आला, कुठे चालला, याचं उत्तर मिळालंय असं सांगत एक संशोधक बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात उभा राहतो आणि ऐन मोक्याला त्याला गोळी लागते. पुढची शेकडो पानं, म्हणजे थेट बार्सिलोनापर्यंत, त्या अडलेल्या भाषणासाठी. शेवटी ते ऐकायला मिळतं, तेव्हा वाटतं, एवढ्यासाठी त्या बिचाऱ्याला मारायची काय गरज होती? सांगू द्यायचं होतं की.