टर्मिनल उघडा, पण कुठलं?

‘टर्मिनल उघडा आणि पुढची कमांड चालवा.’ कितीतरी ओपन सोर्स टूल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे वाक्य पहिल्याच पानावर भेटतं. कुठलं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची कुठली खिडकी, ते मात्र लिहिलेलं नसतं. लिहिणारा मॅकवर किंवा लिनक्सवर बसलेला असतो. वाचणारा विंडोजवर असेल तर त्याच्यासमोर कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल अशी दोन शेल्स (टाइप केलेल्या कमांड चालवणारे प्रोग्राम) असतात आणि दोन्हींचे नियम वेगळे. त्यामुळे ‘विंडोजसाठी’ असं शीर्षक देऊन खाली एकच ओळ टाकली तरी काम अर्धंच होतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचंच, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून नाव देऊन पुरवलेल्या व्हॅल्यूचंच बघा. ती ठरवायला मॅक-लिनक्सवरच्या बॅश या शेलमध्ये ‘एक्स्पोर्ट’, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’, पॉवरशेलमध्ये डॉलर, ‘एन्व्ह’ आणि कोलन. यातलं ‘सेट’ फार फसवं आहे. ‘सेट’नंतर त्याच ओळीत दोन अँपरसँड (&&) देऊन पुढची कमांड जोडली, तर अँपरसँडच्या आधीची स्पेससुद्धा व्हॅल्यूत जाते. ‘प्रॉडक्शन’ अशी व्हॅल्यू दिली असेल तर तिच्या शेवटी एक स्पेस चिकटते, प्रोग्राममधली तुलना फसते आणि स्क्रीनकडे कितीही बघितलं तरी चूक दिसत नाही.

पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये) लिनक्सवर ‘बिन’ फोल्डर असतो, विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’. पॉवरशेलमध्ये पाथ बरोबर दिला तरी साध्या विंडोज लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवायला मुळातच बंदी असते, म्हणून त्या फोल्डरमधलं, एन्व्हायर्नमेंट सुरू करणारं अ‍ॅक्टिव्हेट अडतं. उपाय म्हणजे एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हा नियम, ‘रिमोटसाइन्ड’ करायची, तीही ‘करंट यूजर’पुरतीच. ही ओळ कमांडच्या लगेच खाली हवी. शेवटच्या ‘अडचणी’च्या पानापर्यंत नवशिका पोचतच नाही.

वेबवर विनंती पाठवणाऱ्या कर्ल या कमांडची उदाहरणंही अशीच अडतात. कमांड प्रॉम्प्ट एकेरी अवतरणचिन्हाला अवतरणचिन्ह मानत नाही, त्यामुळे त्यात गुंडाळलेलं जेसन (मजकुराच्या रूपात पाठवायचा डेटा) फुटतं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये तर ‘कर्ल’ हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे. तिथे ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहावं लागतं. जेसन फाइलमध्ये ठेवून अ‍ॅटचं चिन्ह आणि फाइलचं नाव दुहेरी अवतरणात दिलं, की हा अवतरणांचा घोळ तिन्ही शेल्समध्ये टळतो.

आता आपल्या भाषेवर थेट येणारी गोष्ट. पायथनच्या उदाहरणांत फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत, बहुधा दिलेलं नसतं. मॅक-लिनक्सवर ते आपोआप यूटीएफ-८ धरलं जातं, म्हणून लिहिणाऱ्याला कधीच काही खटकत नाही. भारतीय इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर तेच १२५२ क्रमांकाचं कोडपेज (विंडोजचा जुना अक्षरतक्ता) होतं. देवनागरीतला हलन्त यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचा असतो आणि त्यातला शेवटचा बाइट म्हणजे हेक्समधला ८डी. १२५२ मध्ये या बाइटला अक्षरच नेमलेलं नाही. म्हणजे ‘मराठी’ एवढाच शब्द असलेली फाइल उघडते, पण अक्षरांचा कचरा दिसतो. ‘महाराष्ट्र’ लिहिलेली फाइल वाचताना प्रोग्राम एररवर थांबतो. एक जोडाक्षर पुरेसं आहे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरवलं आहे, पण जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं वापरात राहतील. उदाहरणात ‘एन्कोडिंग’ लिहायला एवढीशी जागा लागते, ती द्या.

‘डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरा’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ते बसवायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा ऑफिसच्या मशिनवर ते कोण देणार? ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्याला आपण पहिल्याच पानावरून परत पाठवतो.

लिहिणाऱ्यांनी प्रत्येक कमांडच्या वर शेलचं नाव द्यावं, ऑपरेटिंग सिस्टीमचं नव्हे. ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह काढावं, कारण लोक ते कमांडसकट कॉपी करतात. आणि कमांड खरोखर चालवून बघाव्यात. गिटहब अ‍ॅक्शन्सवर विंडोज रनर, म्हणजे कमांड आपोआप चालवून बघायला विंडोजचं मशिन, मिळतो, पण काही न सांगता तो पॉवरशेलची नवी आवृत्ती उघडतो. ५.१ आणि कमांड प्रॉम्प्ट तपासायचे असतील तर प्रत्येक पायरीत शेल स्वतः नमूद करावं लागतं. जमलं तर एकदा नाव-आडनावात स्पेस असलेल्या यूजर फोल्डरमधूनही सगळं चालवून बघा. अवतरणं राहून गेलेले पाथ तिथे लगेच सापडतात.