नारिंगाला बहर येतो तेव्हा: वसंतातलं सेव्हिल

श्रोतेहो, नमस्कार.

वर्षाच्या सुरुवातीला युरोपच्या सहलींच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पानं भरू लागतात. बारा दिवस, आठ देश. पॅरिसला दोन रात्री, ब्रसेल्सला फोटोपुरता थांबा, मग ॲमस्टरडॅम, ऱ्हाइनचा धबधबा, आल्प्स, व्हेनिस, रोम. अशा सहलींना मी नावं ठेवणार नाही. आईवडिलांना पहिल्यांदाच परदेश दाखवायचा, त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी नको, तर ही सोय मोठीच आहे. पण आज मला तुम्हाला वेगळं सुचवायचं आहे. वसंतात युरोपला जाणार असाल, तर एकच शहर निवडा आणि चार-पाच दिवस तिथेच मुक्काम ठोका. वसंत काही बसच्या खिडकीतून दिसत नाही. अख्खं गाव घराबाहेर पडतं तो आठवडा गाठावा लागतो, आणि प्रत्येक शहराचा तो आठवडा निराळा असतो.

हॉलंडमध्ये लिस गावची क्युकेनहॉफ बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत जेमतेम आठ आठवडे उघडी असते. तिथे दरवर्षी सुमारे सत्तर लाख कंद हातांनी लावतात. जर्मनीत बॉनच्या जुन्या वस्तीतल्या काही गल्ल्या एप्रिलमध्ये चेरीच्या गुलाबी फुलांनी छत घातल्यागत झाकून जातात. प्रागमध्ये १२ मे रोजी, संगीतकार स्मेतानाच्या स्मृतिदिनी, वसंत संगीत महोत्सव सुरू होतो. यातलं कुठलंही शहर निवडा, पस्तावणार नाही. माझं मन मात्र स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसिया प्रांतातल्या सेव्हिलमध्ये गुंतलेलं आहे. उरलेला वेळ मी त्यालाच देणार आहे.

उत्तर युरोपात थंडी सरली म्हणून वसंताचं कौतुक. सेव्हिलमध्ये उलटं आहे. तिथला हिवाळा तसा सौम्यच असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. त्यामुळे मार्च, एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध हे तिथले खरे सुखाचे दिवस. एप्रिलमध्ये दुपारी २४-२५ अंश, रात्री अंगावर हलकं जाकीट हवं असा गारवा. मधूनच पावसाची सर येते, म्हणून छत्री बरोबर असू द्या.

या शहराच्या रस्त्यांवर आणि चौकांत चाळीस हजारांहून जास्त नारिंगाची झाडं आहेत. फळं कडू. हिवाळ्यात ती उतरवतात, आणि त्यातली बरीचशी इंग्लंडच्या मार्मालेडसाठी, म्हणजे सालींसकट केलेल्या कडसर मुरंब्यासाठी, जातात. झाडाखालून जाताना तोडून खायचा मोह आवरा. मग मार्चमध्ये याच झाडांना बारीक पांढरी फुलं येतात, आणि दोन-तीन आठवडे सगळ्या गावाला त्यांचा वास असतो. बँकेच्या दारात, बसथांब्यावर, रात्री उशिरा घरी परतताना निर्जन गल्लीत. विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहरात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर हा वास तुम्हाला ओळखू येईल. फरक इतकाच की इथे तो लाखो लोकांच्या नांदत्या शहरात असतो.

याच सुमाराला येतो पवित्र सप्ताह, ईस्टरच्या आधीचा आठवडा. वसंत संपातानंतरची, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्यानंतरची, पौर्णिमा झाली की येणारा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे या मिरवणुकांवर जो चंद्र असतो, तो आपल्याकडे कधी होळीचा असतो, तर बहुतेक वेळा हनुमान जयंतीचा. शहरात साठहून अधिक धर्मबंधुसंघ आहेत. त्यातले काही कित्येक शतकं जुने. प्रत्येक संघ आपल्या चर्चमधून येशूची किंवा मेरीची मूर्ती रथावर घेऊन मुख्य कॅथेड्रलपर्यंत जातो आणि परत येतो. त्याला कुणाला आठ तास लागतात, कुणाला बारा. कोकणात शिमग्याला पालखी खांद्यांवर नाचते, इथला लाकडी रथ मानेवर चालतो. तीस-चाळीस माणसं त्याच्या खाली, पडद्याआड, दाटीवाटीनं उभी असतात. मानेवर जाड कापडाची चुंबळ. बाहेरून दिसतात ती फक्त त्यांची पावलं. पुढे चालणारा म्होरक्या रथावरचा धातूचा ठोकळा आपटतो, आतली माणसं गुडघ्यात वाकतात, आणि पुढच्या ठोक्याला सगळा भार एका झटक्यात वर उचलला जातो. वरच्या मेणबत्त्या थरथरतात. गर्दी श्वास रोखून असते. मग बूट जमिनीवर घासल्याचा आवाज सुरू होतो आणि रथ पुढे सरकतो. एखाद्या सज्जातून कुणीतरी मूर्तीकडे बघून साथीवाचून, मोकळ्या गळ्यानं आर्त गाणं म्हणतं. ते संपेपर्यंत रथ हलत नाही.

मिरवणुकीत उंच टोकदार टोपीनं चेहरा झाकलेले लोक पाहून आपल्यातले काही जण दचकतात, कारण अमेरिकेतल्या एका वर्णद्वेषी संघटनेची छायाचित्रं आपण पाहिलेली असतात. तिच्याशी यांचा काहीही संबंध नाही. ही टोपी शतकानुशतकांची आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्यानं आपली ओळख मिरवू नये, एवढाच तिचा हेतू. त्यांच्या हातात लांब मेणबत्त्या असतात. रस्त्याकडेची मुलं चांदीच्या कागदाचा लहानसा गोळा पुढे करतात, ते थांबून त्यावर मेण ठिबकू देतात, आणि आठवडाभरात तो गोळा मुठीपेक्षा मोठा होतो. हे गोळे मुलं पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात. रस्त्यांवर सांडलेल्या मेणामुळे नंतरही काही दिवस गाड्यांची चाकं वळणावर चिरकतात. पाऊस आला तर कित्येक संघ बाहेर पडत नाहीत. वर्षभर वाट पाहिलेली मोठी माणसं अशा वेळी चर्चच्या दारात उभी राहून रडतात.

ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी एप्रिलची जत्रा भरते. १८४७ मध्ये ती गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली. आता तिथे हजारावर पट्ट्यापट्ट्यांचे तंबू उभे राहतात, दिवसा सजवलेल्या घोड्यांची ये-जा, रात्री कागदी कंदील, आणि झालरींचे ठिपक्याठिपक्यांचे झगे घातलेल्या बायका पहाटेपर्यंत नाचतात. एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. बहुतेक तंबू खासगी असतात, कुटुंबांचे किंवा मंडळांचे, आणि बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. पालिकेचे आणि प्रभागांचे तंबू मात्र सर्वांना खुले असतात. तिथे बिनधास्त जा.

पवित्र सप्ताहात आणि जत्रेत हॉटेलांचे दर कितीतरी वाढतात. माझं मत विचाराल तर ईस्टर आणि जत्रा यांच्या मधले दिवस निवडा. गर्दी ओसरलेली असते, गावाचा उत्साह टिकून असतो आणि खोली परवडते. ज्यांना फक्त फुलांचा वास हवा, त्यांनी मार्चचा उत्तरार्ध धरावा.

आता पाहण्याचं. कॅथेड्रल हे गॉथिक, म्हणजे उंच टोकदार कमानींच्या, शैलीतलं जगातलं सर्वांत मोठं चर्च म्हणून ओळखलं जातं. तिथे आधी मशीद होती. तिचा बाराव्या शतकातला मनोरा चर्चचा घंटामनोरा म्हणून राखला, सोळाव्या शतकात त्यावर घंटांचा मजला चढवला, तोच हा हिराल्दा. गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये. वर जायला जवळपास सगळी वाट उताराच्या पस्तीस टप्प्यांची आहे, पायऱ्या अगदी शेवटी थोड्याच. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून ती तशी बांधल्याचं सांगतात. खाली मशिदीच्या काळातलं नारिंगांचं अंगण अजून आहे. झाडांच्या बुंध्यापाशी विटांच्या पाटांनी पाणी खेळवलेलं आहे. तिथल्या बाकावर अर्धा तास बसाच.

शेजारचा अल्काझार हा राजवाडा चौदाव्या शतकात पेद्रो या ख्रिस्ती राजानं मुस्लिम कारागिरांच्या हातून बांधून घेतला. भिंतींवरच्या नक्षीत अरबी मजकूर तसाच आहे. सत्तेसाठी एकमेकांशी लढणाऱ्या दोन धर्मांच्या लोकांनी एका राजवाड्यात सौंदर्याची एकच जाण ठेवली, हे पाहताना मी दरवेळी हलून जातो. वरच्या मजल्यावर आजही स्पेनच्या राजघराण्याचा मुक्काम असतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा, वेळ सकाळची घ्या.

दोन स्थळं झाली की दिवस पुरे. संध्याकाळी ग्वादल्कीवीर नदीवरचा पूल ओलांडून त्रियाना भागात जा. कुंभारांची आणि फ्लामेंको या इथल्या गाण्या-नाचाच्या कलावंतांची ही जुनी वस्ती. एप्रिलच्या अखेरीस तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि जेवणाची वेळच नऊनंतरची. आठला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद मिळेल. शाकाहारी मंडळींना एक पदार्थ आवर्जून सांगतो: पालक आणि काबुली चणे. जिरं, लसूण, लाल मिरचीची पूड घालून शिजवलेले, वर तळलेला पाव. इथल्या साध्या खानावळीतही तो मिळतो. टोमॅटोचं दाट गार सूप मागवाल तर वर मांसाचे तुकडे घालू नका म्हणून आधीच सांगा. ईस्टरच्या दिवसांत दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळलेला, मधात घोळवलेला पाव मिळतो. अंडं चालत असेल त्यानं तो सोडू नये.

शाळकरी मुलं घरात असलेल्यांची अडचण मला कळते. परीक्षा संपेपर्यंत एप्रिल बराचसा सरतो. त्यांनी मेचा पहिला पंधरवडा धरावा आणि सेव्हिलहून रेल्वेनं पाऊण तासावरच्या कोर्दोबाला एक दिवस जावं. त्या दिवसांत तिथली कुटुंबं आपल्या घरांची अंगणं लोकांना पाहायला उघडतात. भिंतभर जिरेनियमच्या कुंड्या, आणि उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला बांधलेला डबा. या अंगणांची स्पर्धा १९२१ पासूनची आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं हा उत्सव आपल्या वारसा यादीत घेतला. घरमालकीण बहुधा दारातच असते. फुलांचं कौतुक करा, ती खुलून बोलते.

मुंबईहून सेव्हिलला थेट विमान नाही. माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेनं अडीच तासांत पोहोचता येतं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान तीस हजार युरोचा प्रवासविमा लागतो, आणि उन्हाळी सुटीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं कठीण होतं. म्हणून एप्रिलला निघायचं असेल, तर दिवाळीचा फराळ संपता संपता कागदपत्रं जमवायला घ्या.

नमस्कार.